आईबाप काय शोधतात

हिंगणघाट
९ जानेवारी २०२५

प्रिय मोहिनी,

तुझं दिवाळीतलं पत्र अजून माझ्या डायरीत तसंच आहे आणि उत्तर आज लिहिते आहे. क्षमा कर. कामात होते असं म्हणणार नाही, कारण डायरी लिहायला मला रोज वेळ मिळत होता. तू विचारलं होतंस, "ताई, तुमच्या संस्थेचं कसं चाललंय?" आणि नेमकं तेच मला सांगायचं नव्हतं. फोनवर मी 'ठीक आहे' म्हणून सुटते. म्हणून हाताने लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. अक्षर लागलं नाही तर विचार.

'कानोसा'तला लहान मुलांचा वर्ग बंद होईल असं दिसतं. ऐकू न येणाऱ्या, पाच वर्षांच्या आतल्या मुलांचा हा वर्ग मी चौदा वर्षं घेते आहे. सध्या तीन मुलं आहेत. त्यातली दोन जूनमध्ये शाळेत जातील. उरेल एक, आणि एका मुलाचा वर्ग होत नाही, कारण ही मुलं माझ्यापेक्षा एकमेकांकडे बघूनच जास्त शिकतात. संस्था चालवणाऱ्या वासुदेवराव सरांनी परवा सांगितलं की पाडव्यापर्यंत चार-पाच नवी मुलं आली नाहीत तर ती खोली मोठ्या मुलांच्या शिवणवर्गाला द्यायची. ते रागाने बोलले नाहीत, त्यामुळे मला भांडताही आलं नाही.

मुलं नाहीत असं नाही गं. गेल्या महिन्यात एक बाई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. गाव इथून अकरा किलोमीटर. एवढी वर्षं कुठे होता म्हणून विचारलं तर म्हणाली, "आमाले मालूमच नोयतं, बाई. कोनी सांगतलंच नाई." ऐकणं आणि भाषा यांची गाठ पहिल्या तीन-चार वर्षांत पडते, नंतर फार कष्टाने. त्या मुलाची ती वर्षं अकरा किलोमीटरवर वाया गेली.

आमचं फेसबुक पान आहे. त्रेसष्ट लोकांना ते आवडतं, त्यातले निम्मे आपल्या घरचे. त्यावर आम्ही सणांच्या शुभेच्छा टाकतो. वेबसाइटही आहे. तिच्यावर पहिलं वाक्य 'कर्णबधिर बालकांचे श्रवण-वाचा पुनर्वसन' असं आहे, मीच लिहिलेलं.

सरांचा एक नियम तुला ठाऊक असलेला बरा. आमच्या आवारात मुका, बहिरा हे शब्द कोणी उच्चारायचे नाहीत. एखाद्या बापाच्या तोंडून निघालाच, तर सर त्याला बसवतात, पाणी देतात आणि म्हणतात, "त्याले नाव आहे ना? नाव सांगा." सरांच्या मुलाला, धनंजयला, जन्मापासून ऐकू येत नाही. गावात त्याला 'हेडमास्तरचा मुका' म्हणत. त्याच्यासाठीच सरांनी संस्था काढली. आता धनंजयभाऊ सत्तेचाळीस वर्षांचे आहेत, कारंजा चौकात शिलाई मशीन दुरुस्तीचं त्यांचं दुकान आहे, आणि रोज सकाळी दोन तास ते आमच्या वर्गात येऊन बसतात. नवे आईबाप माझं सगळं ऐकून घेतात आणि विचारतात, याचं लग्न होईल का, हा कमावेल का. मग धनंजयभाऊंकडे बघतात आणि पुढचं विचारत नाहीत.

तू पुण्यात हेच काम करतेस ना, लोक काय शोधतात ते बघून जाहिराती लिहिणं? मला काय करायचं ते सांग. एक गोष्ट मात्र मनात टोचते आहे. वर्ग बंद झाला तर मुलांचं नुकसान होईल म्हणून मी कासावीस आहे, की सकाळी दहा वाजता मला जायला जागा उरणार नाही म्हणून? दोन्ही असावं. तू काम पहिल्यासाठी कर.

तुझी
शरयूताई


पुणे
१५ जानेवारी

प्रिय शरयूताई,

अक्षर लागलं. फक्त 'कासावीस' मी आधी 'कापूस' वाचला, हिंगणघाटचं पत्र म्हणून तेही पटलं.

काम सोपं आहे. 'कानोसा' हे नाव फार सुंदर आहे आणि ते जगात कोणीही शोधत नाही. ज्याला तुमचं नाव माहीत आहे त्याला तुम्ही सापडता, पण त्याला शोधायची गरजच नसते. 'पुनर्वसन' वाचून तर मला धरणग्रस्त आठवले.

ताई, आईबाप संस्था शोधत नाहीत. ते प्रश्न विचारतात. दोन वर्षांचं बाळ हाक मारल्यावर बघत का नाही. ताट पडलं तरी बाळ दचकत नाही. मुलगा उशिरा बोलतो, काय करावं. ज्यांना टाईप करता येत नाही ते माईकचं बटण दाबून बोलतात, अगदी शेजारणीला विचारावं तसं. आणि हो, मुका मुलगा बोलायला शिकतो का, हेही विचारतात, खूप जण विचारतात. त्याच्या उत्तरात काय येतं माहीत आहे? कुठलं तरी तेल, कुठला तरी नवस, आणि 'सगळं ठीक होईल' म्हणणारा एक माणूस. हे सगळं मी स्वतः टाईप करून बघितलंय. बऱ्याचदा.

तर आता तू असं कर. चौदा वर्षांत आयांनी पहिल्या दिवशी तुला जे जे विचारलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढ. तुझ्या डायरीत असणारच. प्रत्येक प्रश्नाखाली तुझं साधं उत्तर आणि फोन नंबर. वेबसाइटवर तेच, फेसबुकवर रोज एक तेच. सणांच्या शुभेच्छा बंद. मुलांचे चेहरे टाकू नकोस, ते तू तसंही करणार नाहीस. आणि नकाशावर तुमची खूण कुठे आहे ते बघ, मला ती भलतीकडे दिसते आहे.

सरांच्या नियमाचं तू आणि सर बघा. मी फक्त लोक काय बोलतात ते सांगितलं.

मोहिनी


हिंगणघाट
३ फेब्रुवारी

प्रिय मोहिनी,

नकाशावरची आमची खूण शेजारच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर होती. तिथला चौकीदार तानबा सांगतो की दिवाळीनंतर एक बाप लहान मुलीला खांद्यावर घेऊन कापसाच्या गाड्यांच्या रांगेत तासभर उभा होता. त्याला वाटलं, सगळ्यांची मुलं तपासायला रांग लागली आहे. नंबर आल्यावर काटेवाल्याने विचारलं, "माल कोठी आहे?" तो बिचारा तसाच परत गेला. तानबाला मी म्हटलं, अरे, मला हाक का मारली नाहीस? तो म्हणाला, "मले काय माहीत बाई, कोनी सांगतलंच नाई." हे वाक्य मी या हिवाळ्यात दुसऱ्यांदा ऐकलं. आता खूण आमच्या दारावर आहे.

डायऱ्या काढल्या. एकशे बारा प्रश्न निघाले. त्यातले तीस निवडले आणि त्यांची उत्तरं लिहिली. एकेक उत्तर मी चार-चारदा खोडलं, कारण भीती घालायची नव्हती आणि खोटा धीरही द्यायचा नव्हता. तू सांगितलेले सगळे प्रश्न घेतले. सरांना सवडीने सविस्तर सांगेन.

फोन येऊ लागले आहेत. एकाला आजोबांसाठी कानाचं यंत्र विकत हवं होतं. एका विद्यार्थिनीला प्रकल्प करायचा होता. पण देवळीहून एक जोडपं दीड वर्षाच्या मुलाला घेऊन खरोखर आलं, आणि परवा दुसरं. केळझरच्या बाजूच्या एका खेड्यातून जयवंताबाई म्हणून एक आजी फोन करतात. त्यांना वाचता येत नाही, त्या माईकवर बोलल्या आणि आमचं पान उघडलं. नात दोन वर्षांची आहे एवढं त्या सांगतात, मग आतून कोणाचा तरी आवाज येतो आणि फोन बंद होतो. असं तीनदा झालं.

धनंजयभाऊ सध्या येत नाहीत. लग्नसराई आहे, दुकानात मशिनी साचल्या आहेत.

शरयूताई


पुणे
८ फेब्रुवारी

ताई,

गेल्या महिन्यात तुमचं पान अकरा जणांनी उघडलं होतं. या महिन्यात आजपर्यंत सातशे चाळीस जणांनी. माझ्या ऑफिसात एवढ्यावर केक कापतात.

आता पुढचं पाऊल. धनंजयभाऊंचा एक व्हिडिओ कर. तूच लिहिलंस ना, आईबाप त्यांच्याकडे बघून गप्प होतात? मग सातशे चाळीस जणांना बघू दे. दुकानातल्या मशिनी एक दिवस थांबतील.

आणि एक विचारायचं होतं. दोन वर्षं चार महिने म्हणजे उशीर झाला का गं? ओळखीचं कोणीतरी विचारत होतं.

मोहिनी


हिंगणघाट
२० फेब्रुवारी

प्रिय मोहिनी,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. लग्नसराईचं.

'मुका मुलगा बोलायला शिकतो का?' हा प्रश्न मी वेबसाइटवर टाकला, सर्वांत वर, कारण तो सगळ्यात जास्त विचारला जातो असं तू लिहिलं होतंस. सरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणूनच विचारलं नाही. धनंजयभाऊंना विचारावं हे तर माझ्या मनातसुद्धा आलं नाही. ते मला जास्त लागलं आहे.

ते दुकानात एका गिऱ्हाइकाला आमचा पत्ता दाखवत होते. संस्थेचं नाव टाकलं, आणि नावाच्या खालीच ठळक अक्षरांत ती ओळ आली. त्या माणसाने ती मोठ्याने वाचली. भाऊंना आवाज आला नाही, पण ओठ कळले. दुसऱ्या दिवशी ते वर्गात आले, फोन माझ्या टेबलावर ठेवला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. मी खुणांनी सांगू लागले की हे शोधण्यासाठी आहे, लोक असंच विचारतात. त्यांनी माझे हात धरून खाली केले. चौदा वर्षांत त्यांनी मला कधी बोलताना थांबवलं नव्हतं. मग फोन उचलून ते गेले ते आजपर्यंत आले नाहीत. देवळीचं जोडपं दोनदा आलं आणि 'ते मशीनवाले भाऊ' कधी येतील म्हणून विचारून गेलं.

सरांना कळलंच. ते म्हणाले, "शरयू, चाळीस वर्षं जो शब्द मी दाराबाहेर ठेवला, तो तू दारावर लावला." मी ती ओळ त्याच दिवशी काढली. पाच दिवसांत फोन बंद झाले. म्हणजे तुझं गणित बरोबर होतं आणि सरांचं म्हणणंही. ओळ पुन्हा लावायचा मला अधिकार नाही, आणि न लावण्याचाही मला धीर होत नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. दोन वर्षं चार महिने हा उशीर नाही, पण थांबण्याचं वयही नाही. कानाची तपासणी या महिन्यातच व्हावी, पुढच्या महिन्यावर ढकलू नये.

हे लिहिल्यावर मी डायरी चाळली. तुझ्या साकेतच्या बारशाला मी पुण्याला आले होते त्याची नोंद नोव्हेंबर २०२२ची आहे. बोटांवर मोजलं. मोहिनी, ते ओळखीचं कोणीतरी तूच आहेस का? चुकत असेन तर रागव. नसेन तर पत्राची वाट बघू नकोस, फोन कर. मला ऐकायला सकाळ-संध्याकाळ कधीही चालेल.

शरयूताई


पुणे
९ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी फोन हातात घेतला आणि ठेवला. बोलले असते तर रडले असते, आणि रडायच्या आधी तपासणी उरकायची होती.

हो, साकेतच. पंचवीस तारखेला तपासणी झाली. दोन्ही कानांनी खूप कमी ऐकू येतं. गेल्या सोमवारी यंत्रं बसवली. ती काढून तो तांदळाच्या डब्यात लपवतो, दिवसातून चारदा मी तांदूळ चाळते. कुकरची शिट्टी झाली की आता रडतो. सासूबाई शिट्टी व्हायच्या आधी गॅस बंद करायला धावतात. याच सासूबाई सहा महिने म्हणत होत्या की सचिनही तिसऱ्या वर्षी बोलला. सचिन तेच म्हणायचा. मीही म्हणायचे, ऑफिसात, कोणी विचारलं तर.

तुला मी प्रश्न पाठवले ते लोक काय शोधतात याचे आकडे बघून पाठवले असं तुला वाटलं असेल. आकडे मी नंतर बघितले. आधी ते प्रश्न मी विचारले होते, ऑफिसच्या जिन्यात उभी राहून, एकेक करून. मुका मुलगा बोलायला शिकतो का, हा शेवटचा. ताई, मला 'कर्णबधिर' हा शब्द येत नव्हता का? माझं कामच शब्दांचं आहे. पण तो टाईप केला असता तर ते खरं झालं असतं. दुसरा शब्द नुसती भीती होती. भीतीत माणूस चांगला शब्द शोधत नाही, जो तोंडात येतो तो विचारतो. तुमचं पान उत्तरात यावं असं मला वाटत होतं ते इतर आयांसाठी नव्हतं. मला ते माझ्यासाठी हवं होतं, आणि तुला सरळ विचारायचा धीर नव्हता.

धनंजयभाऊंना हे पत्र दाखव. त्यांनी ओळ नको म्हटलं तर नको. पण ज्या बाईने तो शब्द टाईप केला ती त्यांना हिणवत नव्हती, एवढं त्यांना कळू दे. ती त्यांच्यासारखं कोणीतरी शोधत होती.

मोहिनी


हिंगणघाट
२६ मार्च

प्रिय मोहिनी,

यंत्राला दोरी बांधून ती सदऱ्याला मागे टाचून ठेव. पुढे टाचलीस तर ओढेल. आणि सासूबाईंना गॅस बंद करू देऊ नकोस. त्याला शिट्टी ऐकू दे, रडू दे, आणि तू कानाला बोट लावून 'शिट्टी झाली' म्हण, रोज, दर वेळी.

आता इकडचं.

तुझं पत्र घेऊन मी कारंजा चौकात गेले. भाऊ एका मशीनचं चाक काढून बसले होते. मी आधी माझ्या चुकीचं बोलले, खुणांनी. या वेळी त्यांनी हात धरले नाहीत. मग पत्र दिलं. ते हळू वाचतात. त्यांची मराठी कानाने आलेली नाही, पुस्तकातून आलेली आहे. 'जिन्यात उभी राहून' या शब्दांशी ते थांबले आणि जिन्यात का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तिथे कोणी बघत नाही म्हणून. त्यांनी मान हलवली आणि सांगितलं की त्यांची आई मोरीत जाऊन रडायची, पाणी सोडून. घरात सगळ्यांना ऐकू येई म्हणून पाणी. एकटे ते दाराबाहेर उभे असत आणि त्यांना ना पाणी ऐकू यायचं ना आई. हे मी कधीच ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी बिलबुकाच्या मागे लिहिलं, "प्रश्न ठेवा. उत्तर मी देणार."

व्हिडिओ दुकानातच केला, दीड मिनिटाचा. भाऊ मशीनवर बसून खुणांनी बोलतात आणि खाली त्यांनीच लिहिलेल्या ओळी येतात. "मला लहानपणी मुका म्हणत. मला राग येतो. अजून येतो. तुम्ही हा शब्द शोधला, मी तुमच्यावर रागावला नाही. तुमच्या मुलाला नाव आहे. नावाने बोलवा, समोर बसून बोलवा. लवकर या. मी सहा वर्षं उशिरा शिकलो. तुमचं मूल उशीर नको." शेवटी ते मशीनमध्ये दोरा ओवतात आणि शिवून दाखवतात. ते मी सांगितलं नव्हतं.

लावण्याआधी सरांना दाखवायचं हे भाऊंनीच ठरवलं. सरांनी ओळी कागदावर मागितल्या आणि सवयीने लाल पेन काढलं. 'रागावला नाही'चं 'रागावलो नाही' केलं. 'मूल उशीर नको' याच्यापाशी बराच वेळ पेन धरून बसले. चाळीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस. मग त्यांनी आपणच केलेली दुरुस्ती खोडली, कागद मुलाला परत दिला आणि मला म्हणाले, "जसं आहे तसं लाव." आत गेले. भाऊंच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, चहा आणला तेव्हा सांगितलं की ते आतमध्ये फोनवर तेच पुन्हा पुन्हा बघून राह्यले आहेत.

व्हिडिओ दहा दिवसांपूर्वी लावला. किती जणांनी बघितला ते तू मला सांगशील, मी आकडा बघायचं टाळते. आकडा वाढला की मला आनंद होतो आणि मग त्या आनंदाची शंका येते. जूननंतर वर्गात असतील त्यांची मोजणी मात्र मी रोज करते. देवळीचा एक, आर्वी नाक्याकडचे दोन, आणि जुना एक. भाऊ परत दहाला येऊन बसतात. देवळीच्या बापाने पहिल्याच दिवशी घरचं मशीन पोत्यात घालून आणलं, दुरुस्तीला. भाऊंनी त्याला दुकानाची वेळ दाखवली.

पाडवा चार दिवसांवर आला म्हणून मीच सरांकडे गेले. पाच झाले नाहीत, म्हटलं. ते रजिस्टर आखत होते, जून महिन्याचं. मान वर न करता म्हणाले, "शिवणवर्ग वऱ्हांड्यात बसन. त्याले खोली कायले पाहिजे?"

आणि आज दुपारी जयवंताबाईंचा फोन आला. या वेळी मागून कोणी आवाज दिला नाही. सूनबाईच शेजारी बसली होती. तिनेच व्हिडिओ तीनदा लावून बघितला म्हणे. नातीचं नाव मी विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं, वेदश्री. मग म्हणाल्या, "बाई, तो मशीनवाला दादा बोलला ते सारं समजलं आमाले. थो आमच्या वेदश्रीसंगं बसन का?" मी म्हटलं, बसतील, पण आधी कानाची तपासणी. उद्या अकराला वेदश्रीला सावंगीच्या दवाखान्यात नेते आहे, मी बसस्टँडवर उभी राहीन. ही तपासणी मूल गाढ झोपलेलं असतानाच होते. ते मी त्यांना सांगितलं, पण केळझरहून येणारी बस हलत-डुलत येते, आणि वेदश्री आजीच्या मांडीवर रस्त्यातच झोपून घेईल, मग तिथे टक्क जागी, हे फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. मागच्या वर्षी एका मुलाचे तीन हेलपाटे असेच गेले होते.

साकेतला माझा पापा, दोन्ही कानांच्या मागे, यंत्राला धक्का न लावता.

शरयूताई

उद्या (हे माझ्याच आठवणीसाठी) : सकाळी सहाला जयवंताबाईंना फोन करून सांगणे, वेदश्रीला आत्ताच उठवा आणि बसमध्ये अजिबात झोपू देऊ नका.